घरातल्या थोरल्यांचा एक तरी नीट फोटो काढून ठेवलाय का?

निशिगंधा_सांगली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझे थोरले काका गेले. पेपरात निधनवार्ता द्यायची होती, दहाव्याला ठेवायलाही फोटो हवा होता. चुलतभावाने कपाटं, पेनड्राइव्ह, सगळ्यांचे मोबाइल पालथे घातले. घरात चार लग्नांचे करिझ्मा अल्बम आहेत, उचलायला दोन हात लागतात असे. काका त्या चारही अल्बमांत आहेत. एकात आहेर घेताना अर्धे कापलेले, एकात पंगतीत वाढताना पाठमोरे, एकात स्टेजवरच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्यामागे. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस, समोरच्याचं ऐकून घेताना ज्याची डावी भुवई हमखास वर जायची. आता भिंतीवर कोणी घाबरून समोर बघणारे अनोळखी गृहस्थ आहेत.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आपण बारशाचे, बोरन्हाणाचे, मुंजीचे, लग्नाचे फोटो काढतो. हजारोंनी काढतो. त्यात हळद दिसते, मंडप दिसतो, रुखवत दिसतं. ज्या माणसांनी तो सोहळा उभा केला ती मात्र कुठल्या तरी कोपऱ्यात कामात असतात. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक कार्यात अर्धा तास बाजूला काढून घरातल्या प्रत्येक थोरल्याचा एकट्याचा, शांतपणे बसवून काढलेला फोटो झालाच पाहिजे. छायाचित्रकाराला पैसे आपण देतोच आहोत.

मार्गशीर्षात आईची पंचाहत्तरी आहे. फोटो म्हटलं की "माझे कसले फोटो काढता" हे तिचं ठरलेलं उत्तर. तुमच्यापैकी कुणी असं ठरवून केलं आहे का? कोणाकडून करून घेतलं, काय सांभाळावं लागलं, माणसं कशी तयार झाली, ते सगळं वाचायला आवडेल.

---

डार्करूम

ताई, काकांबद्दल वाईट वाटलं. तुम्ही लिहिलं आहे ते काम आमच्याकडे दर आठवड्याला येतं. वडिलांचा मिरजेत स्टुडिओ होता, आता मी चालवतो.

ग्रुप फोटोतला चेहरा छापात बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतो आणि त्यातून बारा बाय अठराची फ्रेम हवी असते. हल्ली चेहरा 'स्वच्छ' करून देणारी एआयची ॲप निघाली आहेत. मुलगा मोबाइलवर करून आणतो, आम्ही छापून देतो, सगळे खूश. मग दोन दिवसांनी त्याची आई दुकानात येते आणि म्हणते, "अहो, हे ह्यांच्यासारखे दिसतात, पण हे नाहीत." तिचं खरं असतं. जो तपशील मूळ फोटोत आलाच नव्हता तो यंत्र आपल्या मनाने भरतं. दातांतली फट बुजवतं, गालावरचे देवीचे वण पुसतं, नाक सरळ करतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला ते एका नजरेत कळतं.

वडिलांच्या काळात १२० च्या रोलवर बारा फोटो निघायचे. फिल्म महाग, त्यामुळे माणसाला स्टुलावर बसवलं की ते आधी गप्पा मारायचे. पाऊस कुठवर आला, धाकटा कितवीत आहे, उसाचं बिल मिळालं का. बोलता बोलता खांदे सैल पडायचे, मग हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगून एकच फोटो. त्यानंतर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देत सुरकुत्या हलक्या करायच्या. हे काम ते रात्री जेवणानंतर करत.

आणखी एक काम यायचं, जोडफोटोचं. नवरा वारलेला, दोघांचा एकत्र फोटो कधी काढलेलाच नाही. मग तिचा आत्ताचा फोटो काढायचा, त्याचा लग्नाच्या वेळचा किंवा नोकरीच्या अर्जावरचा फोटो कापून शेजारी चिकटवायचा, कडा ब्रशने मिटवायच्या आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. नवरा तिशीतला, बायको साठीची. आमच्या भागातल्या घरांत असे फोटो आजही लटकलेले दिसतील. त्या बायका किती वेळ तो फोटो हातात धरून उभ्या राहायच्या हे मी लहानपणी काउंटरमागून पाहिलं आहे. त्यामुळे तुमच्या मताशी शंभर टक्के सहमत. सोहळ्याचा फोटो नंतर पुन्हा काढता येत नाही हे सगळ्यांना कळतं, माणसाचाही येत नाही हे लक्षात राहत नाही.

---

हिंडफिरा

धागा चांगला आहे, पण थोडा वेगळा सूर लावतो. बसवून काढलेले फोटो मला खोटे वाटतात. ताठ मान, अवघडलेले हात, "हसा" म्हटल्यावर ओढून आणलेलं हसू. माझ्या आजीचा माझ्याकडचा सर्वात लाडका फोटो ती परसात मेथी निवडत असतानाचा आहे. तिला मी दारात उभा आहे याचा पत्ताही नव्हता. असे सहज टिपलेले फोटोच माणूस खरा दाखवतात असं माझं मत. आमच्याकडे पंचाहत्तरीला स्टुडिओतून फोटोग्राफर आला आणि आजोबांना दोन तास उभं केलं, त्यांचा चेहराच पडला होता.

---

निशिगंधा_सांगली

हिंडफिरा, मेथी निवडतानाचा फोटो हवाच. पण मेथी निवडताना माणूस खाली बघतो. आजीचे डोळे त्यात दिसतात का? माझी तगमग नेमकी तिथे आहे. माणसाने आपल्याकडे बघितलेलं आहे असा एक तरी फोटो हवा.

दोन तास उभं करणं हा शुद्ध अडाणीपणा झाला, त्यात बसवण्याचा काय दोष? गौतम राजाध्यक्षांची (१९५०-२०११) व्यक्तिचित्रं बघा. ठरवून, बसवून, प्रकाशाचा विचार करून काढलेली आहेत, आणि तरी त्यातले चेहरे बोलके आहेत.

---

माजघर

दोघांचं वाचलं. मला वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे, बरीच वर्षं मनात आहे.

माझी आजी पस्तिसाव्या वर्षी विधवा झाली. तिने पाच मुलांची लग्नं लावली, नातवंडांची बारशी केली, डोहाळजेवणांना फुलांच्या वाड्या गुंफल्या. आमच्याकडच्या जुन्या अल्बमांतल्या एकाही शुभकार्याच्या फोटोत ती नाही. कोणी तिला हाकललं नव्हतं, ती स्वतःच आत जायची. हळदीला आत, ओवाळायला आत, ग्रुप फोटोला तर माजघराच्या दाराच्याही मागे. आणि बाकीच्यांनी ते तसंच चालू दिलं. डोहाळजेवणाच्या एका फोटोत मागे दार दिसतं, दाराशी निळ्या लुगड्याचा काठ दिसतो. ती आजी आहे हे फक्त आम्हाला ठाऊक.

माझ्या मुलीच्या लग्नात माझी विधवा जाऊ होती. मी छायाचित्रकाराला आधीच सांगून ठेवलं होतं की अक्षता पडल्यावर वधूवरांबरोबरचा पहिला फोटो हिचा. वधूच्या आईवडिलांचाही नंतर. पुतणीने तिचा हात धरून तिला स्टेजवर नेलं. जाऊबाई आधी नाही म्हणाल्या, डोळे पुसले, मग पदर सारखा करून उभ्या राहिल्या. एका मावससासूबाईंनी नाक मुरडलं, मी लक्ष दिलं नाही.

ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना कळकळीने सांगते, फोटोंची यादी करताना कोण आपणहून मागे सरकतं ते बघा. विधवा, परित्यक्ता, मूल नसलेली मामी, न लग्न केलेली आत्या, दिवसभर चुलीशी असलेल्या स्वयंपाकाच्या मावशी. त्यांना नावाने हाक मारून बोलवावं लागतं.

---

डार्करूम

माजघरताई, हात जोडतो. हा प्रतिसाद मी छापून स्टुडिओत लावणार आहे, तुमची परवानगी असेल तर.

---

माजघर

जरूर लावा दादा.

---

ओसरीवरचा

वाचतोय. निशिगंधाताईंनी लिहिलेलं "माझे कसले फोटो काढता" हे वाक्य घरोघरी आहे. आमच्या पणजोबांचा समज होता की फोटो काढला की आयुष्य कमी होतं. त्यांच्या एकट्याचंच तसं होतं असं नाही. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी गोध्र्याला आणि मग बडोद्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते, तेव्हा कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो या समजुतीचा त्यांच्या धंद्याला फटका बसला, असं त्यांच्या चरित्रात येतं.

खरं तर मुंबईत हे तंत्र फार लवकर आलं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्यात भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी होते. स्त्रियांना परपुरुषासमोर बसायची अडचण, म्हणून छायाचित्रकार राजा दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तिथे बाईच फोटो काढायची. म्हणजे माणूस सैल व्हायला समोर कोण आहे हे महत्त्वाचं, हे तेव्हाही ओळखलेलं होतं. निशिगंधाताई, तुमच्या आईंसाठी एखादी छायाचित्रकार मुलगी बघा. आता कोल्हापूर-सांगलीतही आहेत.

---

चिऊची_आई

थोडं अवांतर होईल, पण आयुष्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल विचारायचं आहे. बहिणीचं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. तिला नवजात बाळाचं फोटोशूट करायचं आहे, टोपलीतलं, गुंडाळलेलं वगैरे. फोटोग्राफर म्हणतो पहिल्या दोन आठवड्यांतच करावं लागतं. आई म्हणते सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. घरात रोज यावरून वाद. कुणी केलं आहे का?

---

लिंबलोण

मी बाळांचेच फोटो काढते, पुण्यात. दोन आठवडे का म्हणतात, तर त्या काळात बाळ गाढ झोपतं आणि पोटात असल्यासारखं अंग मुडपून घेतं, म्हणून ती गुंडाळलेली चित्रं सहज जमतात. पुढे हातपाय ताणतं, झोप सावध होते. एवढंच कारण आहे, त्यात मुहूर्त चुकला असं काही नाही.

सर्वात महत्त्वाचं सांगते. बाळ हनुवटीखाली हात घेऊन, कोपरांवर मान पेलून बसलंय असा जो फोटो इन्स्टावर दिसतो, तो एका क्लिकमध्ये काढलेला नसतो. एकदा कोणीतरी बाळाचं डोकं धरतं, एकदा मनगटं धरतं, आणि ते दोन फोटो नंतर जोडून धरणारे हात पुसतात. नवजात बाळाची मान डोकं पेलू शकत नाही. हे न कळणारा कोणी प्रत्यक्षात तसं बसवायला लागला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. फोटोग्राफरला आधी विचारा, हे कसं करता? उत्तर नीट आलं नाही तर दुसरा बघा. सर्दी-खोकला असलेला माणूस नको, हात धुतल्याशिवाय बाळाला स्पर्श नको, खोली उबदार हवी.

सव्वा महिन्याचं म्हणाल तर माझ्या निम्म्याहून जास्त घरी आज्यांचा हाच आग्रह असतो आणि मला तो रास्त वाटतो. मी घरी जाते. सकाळी मालीश, आंघोळ, धुरी झाली की बाळ दूध पिऊन डाराडूर झोपतं. तीच वेळ. टोपली-बिपली नको. खिडकीशी गादी, आजीने शिवलेली गोधडी, आणि बाळ. आजीच्या हातावर सुरकुत्या असतात, बाळाच्या तळव्यावर पण सुरकुत्या असतात, ते दोन हात एका फोटोत घ्यायला मी कधी विसरत नाही. निशिगंधाताईंचा मुद्दा इथेही लागू आहे: बारशाच्या दिवशी पणजीच्या मांडीवर बाळ द्या आणि पणजीच्या चेहऱ्यावर फोकस करा. बाळाचे फोटो पुढे होतच राहतात.

---

चिऊची_आई

लिंबलोण, खूप आभार! आईला हे वाचून दाखवलं. "बघ, ती शहाणी मुलगी काय म्हणते" एवढंच म्हणाली. घरीच करायचं ठरलं.

---

कणकवलीकर

आमच्या बाजूला तुम्ही म्हणता तसले फोटोग्राफर सहज मिळत नाहीत, जे आहेत ते लग्नसराईत दोन दोन महिने आधी बुक. माझ्याकडे बरा मोबाइल आहे. पुढच्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घर कौलारू, आत काळोख, बाहेर लख्ख ऊन. आजीला जाड भिंगाचा चष्मा, त्यात ट्यूबलाइट चमकते. मोबाइलवर जमण्यासारखं काही असेल तर सांगा.

---

डार्करूम

कौलारू घर आहे ना, मग तुमच्याकडे स्टुडिओ तयारच आहे. आजीला पडवीत बसवा, कौलांच्या सावलीत, पण कडेला, जिथून समोरचं अंगण दिसतं. अंगणातून परतणारा उजेड चेहऱ्यावर पडेल, डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका येईल. तो ठिपका आला की चेहरा जिवंत दिसतो. तुमची पाठ अंगणाकडे, आजीचं तोंड अंगणाकडे. घरातले सगळे दिवे बंद. बल्बचा पिवळा, ट्यूबचा निळसर आणि बाहेरचा उजेड एकत्र झाले की त्वचा आजारी दिसते. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. एका बाजूला फारच काळोख वाटला तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरं धोतर किंवा चादर ताणून धरायला लावा, फरक डोळ्यांना दिसेल.

मोबाइल जवळ नेऊन फोटो काढू नका. जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोनेक मीटर मागे सरा आणि दोनपट किंवा तीनपट झूमची भिंग असेल ती वापरा. कॅमेरा आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. ती खुर्चीत असेल तर तुम्ही गुडघ्यावर बसा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत म्हातारी माणसं बिचारी दिसतात. ब्युटी मोड बंद करा, पाया पडतो.

चष्मा काढायला सांगू नका. चष्म्याशिवायची आजी तुम्हीच कधी पाहिलेली नसते. काड्या कानावर थोड्या वर उचला म्हणजे काचा जराशा खाली कलतात आणि चमक जाते. कवळी लावायची की नाही हे तिला विचारा, तिचा निर्णय. ऐकू कमी येत असेल तर तिच्या जवळच्या माणसाला तुमच्या मागे उभं करून तिच्याशी बोलायला लावा. नजर आपोआप योग्य जागी येते.

घरच्या सगळ्यांचा एकत्र काढाल तेव्हा टोकाला उभी माणसं मोबाइलच्या रुंद भिंगात फुगतात. मागे सरून काढा, दोन रांगा करा. आणि एकच फोटो घेऊन थांबू नका, कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच. "सगळ्यांनी डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा" ही जुनी युक्ती आजही चालते.

---

इंदूरकर

एक शंका. सहस्रचंद्रदर्शन नक्की कितव्या वर्षी? आमच्याकडे ऐंशीव्या वाढदिवसालाच करून टाकतात.

---

ओसरीवरचा

हिशेब सोपा आहे. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि १० महिने. म्हणून ऐंशी पूर्ण झाल्यावर एक्याऐंशीव्यात करायची रीत. फोटोच्या दृष्टीने सांगायचं तर सोय असेल तर हवा बरी असताना करा. वैशाखात शालू, फेटा, होमाचा धूर आणि वर एक्याऐंशी निरांजनांची ओवाळणी, म्हातारं माणूस थकून जातं. स्वतंत्र फोटो आदल्या दिवशीच काढून घ्या.

---

कणकवलीकर

डार्करूम, ओसरीवरचा, दोघांचे आभार. आदल्या दिवशीची कल्पना घरात सर्वांना पटली. वाचनखूण साठवली.

---

डब्लिनची_सई

मी इथे आयर्लंडमध्ये. आईबाबा दर उन्हाळ्यात येतात, विमानतळावरचा सेल्फी, कड्यांवरचे फोटो, बस. या वेळी धागा वाचून बाबांना स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवलं. इथला ढगाळ उजेड मऊ असतो, काही करावंच लागलं नाही. बाबा आधी कॅमेऱ्याकडे बघून पासपोर्टला बसल्यासारखे बसले. मग मी त्यांना किर्लोस्करवाडीतल्या त्यांच्या पहिल्या नोकरीबद्दल विचारलं, आणि ते बोलायला लागले. मी फोटो काढत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं.

हिंडफिरा यांच्या म्हणण्यातही मला तथ्य वाटतं. बसवलं तर होतंच, पण जो फोटो आवडला तो त्यांना बसवलंय हे ते विसरल्यानंतरचा आहे.

---

हिंडफिरा

सईताई, हे पटलं. आजोबांना गावी भेटायला चाललोय. तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवून आधी बोलतो.

---

वकिली_वही

पैशांचा आणि हक्काचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो तुमचे. पण आता बहुतेक स्टुडिओ बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरांत उलटं लिहून घेतात, किंवा जाहिरातीसाठी वापरायची मुभा घेतात. तो कागद वाचा. लहान बाळाचे आणि आजारी म्हाताऱ्या माणसांचे फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत, असं हवं असेल तर लेखी घ्या. तसंच निवडलेल्या फोटोंच्या अल्बमखेरीज सगळ्या मूळ फाइली मिळणार का, कधी, आणि ते स्वतःकडे किती काळ ठेवणार, हे ॲडव्हान्स देण्याआधी ठरवा. माझ्या नात्यातल्या एका लग्नाचे फोटो केवळ हार्ड डिस्क बिघडली म्हणून गेले, दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

---

मुंबईचा_चाकरमानी

मुंबईत कुणाला जुन्या पद्धतीने करून घ्यायचं असेल तर बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ माहीत असावा. १९२८ साली सर व्हिक्टर ससून यांनी सुरू केलेला, पुढे रणजित माधवजींनी घेतला, नंतर त्यांच्या कन्या अजिता माधवजी यांनी तो सांभाळला. जुन्या निगेटिव्हचा मोठा साठा त्यांनी जपला आहे. माझ्या सासूबाईंच्या माहेरच्यांचा फोटो तिथला आहे. कागद जाड, काळा रंग अजून खोल, चेहऱ्यावरच्या छटा जशाच्या तशा. शेजारी आमच्या लग्नातला रंगीत फोटो लाल पडला आहे. असं का होतं?

---

जुनी_पेटी

मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करते, म्हणून उत्तर देते.

कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीची असते. नीट धुतलेला असेल तर तो शंभर वर्षं आरामात टिकतो. रंगीत छापात चांदी राहत नाही, तीन रंगद्रव्यं असतात, आणि १९७०-८० च्या दशकांतल्या कागदांवरचा निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो. तो गेला की उरतो लालसर फोटो. हे थांबवता येत नाही, मात्र थंड आणि कोरड्या जागी वेग कमी होतो. म्हणून आपल्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो आजच स्कॅन करा. पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय (इंचामागे ६०० ठिपके) पुरे. निगेटिव्ह सापडल्या तर त्या आधी, कारण त्यांत छापापेक्षा जास्त तपशील असतो.

प्लॅस्टिकचा पापुद्रा उचलून खाली चिकट पानावर फोटो लावायचे ते अल्बम सर्वात घातक. तो गोंद पिवळा पडतो आणि फोटोची पाठ धरतो. निघत नसेल तर नखाने ओढू नका. दंतधाग्याचा तुकडा फोटो आणि पानाच्या मधून हळूहळू करवतीगत फिरवत न्या. तरीही अडला तर आहे तसाच पानासकट स्कॅन करा. कोकणातल्या दमटपणात काचेला चिकटलेला फोटो तर घरी सोडवूच नका, वरचा थर काचेवर राहतो. भिंतीवर लावताना फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटचा जाड पुठ्ठा हवा तो याचसाठी. अल्बममध्ये डांबराच्या गोळ्या ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पावसाळ्यानंतर बदला.

आणि व्हॉट्सॲपवर आलेला फोटो हा जतन केलेला फोटो नव्हे. पाठवताना तो आक्रसतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, आणि निवडक फोटो कागदावर छापून.

---

निशिगंधा_सांगली

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

आईशी बोलले. तिला "तुझा फोटो काढायचाय" म्हटलं की ती नाहीच म्हणणार होती. या वेळी मी म्हटलं, काकूकडे काकांचा धड फोटो नाही, तिची काय अवस्था आहे बघतेस ना. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग इरकल नेसते, शालू नको. शालूत मी मी वाटत नाही." आणि वर एक अट घातली, की काकूचाही त्याच दिवशी काढायचा. काकूला अजून वर्षभर कार्याला बोलवायचं नाही असं घरात कोणीतरी म्हणत होतं. माजघरताई, मी तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. काकू येणार आहे. मिरजेला डार्करूम यांच्याकडेच जायचं ठरतंय, त्यांना व्यक्तिगत निरोप केला आहे.

जुनी_पेटी यांना एक प्रश्न. काकांच्या पेटीत शाळेच्या सहलींचे बरेच फोटो निघाले. त्यांत काका कुठे कुठे आहेत, लहान दिसतात, पण आहेत. बाकीची माणसं ओळखणारी आता फक्त काकू आणि आई उरल्या. मागे नावं लिहून ठेवायची तर कशाने लिहावीत?

---

जुनी_पेटी

जुना, साध्या कागदावरचा कृष्णधवल फोटो असेल तर मऊ शिशाची पेन्सिल, म्हणजे टूबी किंवा फोरबी. सपाट कठीण जागेवर फोटो पालथा ठेवायचा, खाली स्वच्छ कागद, आणि कडेला हलक्या हाताने लिहायचं. चेहऱ्यामागे लिहायचं नाही, दाब पुढे उमटतो. बॉलपेन नको, त्याचाही ठसा उठतो आणि शाई फुटते. पुढच्या काळातल्या गुळगुळीत पाठीच्या रंगीत फोटोंवर पेन्सिल चालत नाही. त्यासाठी न पसरणारी पिगमेंट शाईची बारीक टोकाची पेनं स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळतात. लिहून झाल्यावर शाई पूर्ण वाळेपर्यंत एकावर एक रचू नका.

नुसतं "मामा" किंवा "ताई" लिहू नका. लिहिणारी गेली की कोणाचे मामा ते कळत नाही. पूर्ण नाव, गाव, साल अंदाजे असेल तर "सुमारे" लिहून. आणि आई-काकू एकत्र बसतील तेव्हा मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. एका फोटोवरून दुसरीला आठवत जातं, ते सगळं फोटोच्या पाठीवर मावत नाही.